परदेशात मॅनेजमेंट शिकायला जायचंय? विदर्भातल्या खेड्यातून अर्ज करताना कोणतं काम आधी, कोणतं नंतर

दर उन्हाळ्यात मुलं त्याच अडचणी घेऊन येतात. ऑफर लेटर हातात असतं, जागा राखण्याचे दीड-दोन लाख भरून झालेले असतात, आणि बँक म्हणते तुमचं तारण चालत नाही. कुणाचं पासपोर्टवरचं नाव गुणपत्रिकेशी जुळत नाही. कुणाच्या हातून शिष्यवृत्तीची तारीख गेलेली असते. पोरं हुशार असतात, घरच्यांचीही तयारी असते. चुकतो तो कामांचा क्रम. बहुतेक जण आधी देश ठरवतात, मग एजंट गाठतात, मग कॉलेज, आणि कागद व कर्ज सगळ्यात शेवटी. शेतीवर चालणाऱ्या घराने हे उलट करायला हवं. आधी कागद, मग कर्जाचा अंदाज, मग कोर्स, आणि देश त्यानंतर.

पुढचे टप्पे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या पदव्युत्तर कोर्ससाठी आहेत. सुरुवात अठरा महिने आधी करा, म्हणजे बी.कॉम., बीबीए किंवा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी.

१. सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करा

हे काम पासपोर्टच्याही आधीचं आहे. आपल्याकडे दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम वेगळा. त्यात वडिलांच्या नावामागे कुठे 'राव' असतं, कुठे नसतं. समजा गुणपत्रिकेवर 'राऊत प्रशांत विठ्ठल' आहे आणि आधारवर 'प्रशांत विठ्ठलराव राऊत'. गावात हा एकच माणूस असतो. परदेशी विद्यापीठाच्या आणि व्हिसाच्या खिडकीवर ही दोन माणसं ठरू शकतात. विठ्ठलमध्ये इंग्रजी 'टी' एक की दोन, यावरूनही फाईल अडते.

दहावीची गुणपत्रिका पाया धरा आणि बाकीचं सगळं तिच्याशी जुळवून घ्या. आधार, पॅन, बँक पासबुक, मग पासपोर्ट, असा क्रम ठेवा. गुणपत्रिकेतच चूक असेल तर शाळेमार्फत नागपूर किंवा अमरावतीच्या विभागीय मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. त्यात वेळ जातो, म्हणून ते सगळ्यात आधी सुरू करा. नाव खरोखरच बदललं असेल, उदाहरणार्थ लग्नानंतर, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्धी घ्या आणि त्याची प्रत कायम जवळ ठेवा.

पासपोर्टच्या अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. वडिलांचं नाव 'दिलेलं नाव' या रकान्यात घालायचं की नाही, हे एकदा ठरवा आणि पुढे आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेपासून व्हिसापर्यंत तेच चालवा.

जन्म प्रमाणपत्रही आत्ताच काढून पाहा. घरी किंवा आजोळी झालेल्या अनेक जन्मांची नोंद नसते, किंवा नोंद असते पण बाळाच्या नावाची जागा कोरी असते. पासपोर्टला सध्याच्या विद्यार्थ्यांचं शाळा सोडल्याच्या दाखल्यावर भागतं. पण वडिलांच्या खात्यातले पैसे दाखवून ब्रिटनचा व्हिसा मागायचा असेल तर नातं सिद्ध करायला हाच कागद लागतो. वर्ष उलटून गेल्यावर नोंद करायला अधिकाऱ्यांचा आदेश लागतो. तो काही चार दिवसांत हातात पडत नाही.

*तपासा:* गुणपत्रिका, आधार, पॅन, पासबुक आणि आई-वडिलांचे आधार एका टेबलावर ठेवून स्पेलिंग अक्षर न् अक्षर वाचा. मोठ्याने वाचलं तर चूक लवकर सापडते.

२. आपल्या पदवीवर कुठे अर्ज करता येतो ते पाहा

इथे तीन गोष्टी अडवतात.

पहिली, वर्षं. आपली तीन वर्षांची पदवी ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये साधारणपणे चालते. अमेरिकेतली बरीच विद्यापीठं सोळा वर्षांचं शिक्षण मागतात, म्हणजे बारावीनंतर चार वर्षं. काही तीन वर्षांची पदवी स्वीकारतात. कोर्सच्या पानावर लिहिलेलं नसेल तर प्रवेश विभागाला मेल करून लेखी उत्तर घ्या.

दुसरी, विषय. जर्मनीत मॅनेजमेंटच्या एम.एस्सी.साठी पदवीत वाणिज्य आणि अर्थशास्त्राचे ठरावीक क्रेडिट्स लागतात. बी.कॉम.ला ते जमू शकतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. कृषी केलेल्या मुलाचा तिथला अर्ज बहुधा पहिल्याच चाळणीत जाईल. त्याने कृषी व्यवसाय व्यवस्थापन पाहावं. जर्मनीतल्या होहेनहाइम विद्यापीठात या विषयाची एम.एस्सी. आहे आणि तिथे त्याची कृषी पदवी उपयोगी पडते.

तिसरी, माध्यम. ग्रामीण कॉलेजांत बी.कॉम.चे पेपर मराठीत लिहिणारी मुलं खूप आहेत. तसं असेल तर 'शिक्षणाचं माध्यम इंग्रजी' असा दाखला मागू नका, कुणी देऊ केला तरी घेऊ नका. इंग्रजीची परीक्षा द्या. खोटा दाखला पकडला गेला तर व्हिसाची दारं पुढची कित्येक वर्षं बंद होऊ शकतात.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांचे गुण एकत्र दाखवणाऱ्या अधिकृत दाखल्यासाठी, विद्यापीठात अर्ज करावा लागतो. यवतमाळ, अकोला, वाशिम, बुलढाणा आणि अमरावतीच्या मुलांनी संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियाच्या मुलांनी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मुलांनी गोंडवाना विद्यापीठात. गुणपत्रिकेच्या साक्षांकित झेरॉक्सला ट्रान्सक्रिप्ट म्हणत नाहीत. एकाच फेरीत पाच-सहा प्रती घ्या, सीलबंद लिफाफ्यात. एटीकेटी लागली असेल तर ती लपवू नका, ती ट्रान्सक्रिप्टवर दिसतेच.

३. कॉलेज शोधण्याआधी बँकेत जा

सगळ्यात जास्त घरं इथे फसतात, म्हणून हे नीट वाचा.

सरकारी बँकांच्या सर्वसाधारण शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. आपल्याकडे वडील म्हणतात, दहा एकर वावर आहे, काळजी कशाला. पण थकलेल्या कर्जाची वसुली बँका ज्या सरफेसी कायद्याने करतात तो शेतजमिनीला लागू होत नाही. म्हणून शैक्षणिक कर्जाला सातबारा तारण म्हणून सहसा घेत नाहीत. पीककर्जाला चालतो, इथे नाही.

मग घर. गावठाणातलं घर आहे, ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे. बँकेच्या वकिलाला तेवढ्याने मालकी सिद्ध होत नाही. स्वामित्व योजनेत गावाची मोजणी होऊन सनद आणि मिळकत पत्रिका मिळाली असेल तर ती घेऊन जा, निदान बोलणं पुढे सरकतं. घर अजून आजोबांच्याच नावावर असेल तर वारस नोंद आधी. काका-आत्यांच्या सह्या लागणार असतील तर त्या ऑफर लेटर यायच्या आधी मागा. घाईत मागितलेल्या सह्यांनी घरात वाद होतात.

तालुक्याच्या गावी घेतलेला प्लॉट असेल तर तीन गोष्टी पाहा. एनए (बिगरशेती) आदेश आहे का, तो गुंठेवारीतला आहे का, आणि सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलं आहे का. वर्ग २ असेल तर तारणाला परवानगी लागते. आदिवासी कुटुंबांच्या जमिनीच्या हस्तांतरावर कायद्याची वेगळी बंधनं आहेत, त्यांनी तारणाचा विचार सोडून थेट सहावा टप्पा वाचावा.

यातलं काहीच नसेल तरी वाट संपत नाही. बँकांकडे निवडक परदेशी विद्यापीठांच्या याद्या असतात आणि त्यांतल्या विद्यापीठांना विनातारण कर्ज मिळू शकतं. तुमचं कॉलेज त्या यादीत असणं हाच कॉलेज निवडण्याचा एक निकष ठरतो. म्हणून बँकेत आधी जायचं. खासगी वित्तसंस्था विनातारण देतात, पण व्याज चढं असतं.

आता हप्त्याचं गणित कागदावर मांडा. ३० लाख कर्ज, साडेदहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड. हप्ता येतो महिन्याला सुमारे ४०,५०० रुपये. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज चालूच राहतं आणि वर्षाला तीन लाखांच्या वर ते चढतं. कोरडवाहू कपाशीवर हा हप्ता निघत नाही. तो मुलाच्या पगारातूनच निघाला पाहिजे, ही गोष्ट आई-वडिलांसमोर बसून स्पष्ट बोला.

इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी राज्याच्या ओबीसी महामंडळाची व्याज परतावा योजना विचारावी. परदेशी शिक्षणाच्या २० लाखांपर्यंतच्या कर्जाला ती आहे.

*सावधान:* शाखेत तोंडी 'होऊन जाईल' म्हणाले, एवढ्यावर पुढे जाऊ नका. तारणाचे कागद दाखवून बँकेच्या वकिलाचं प्राथमिक मत घ्या. त्याला थोडे पैसे लागतात, ते द्या.

४. एमबीए की मॅनेजमेंटमधली एम.एस्सी.?

परदेशातल्या बऱ्याच चांगल्या एमबीएला पदवीनंतर दोन-तीन वर्षांचा नोकरीचा अनुभव लागतो. पदवी संपताच जायचं असेल तर मॅनेजमेंट, फायनान्स, मार्केटिंग, सप्लाय चेन किंवा बिझनेस अॅनालिटिक्समधली एम.एस्सी. हा खरा पर्याय. एखादी संस्था ताज्या पदवीधराला बिनअनुभवाची एमबीए देत असेल तर ती कोण आहे हे नीट तपासा.

बिझनेस स्कूलची पारख करायला एएसीएसबी, इक्विस आणि एएमबीए या तीन मान्यता पाहा. त्या संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नका, मान्यता देणाऱ्यांच्या यादीत संस्थेचं नाव शोधा.

अनुभव म्हणजे पुण्या-मुंबईतलीच नोकरी, असं मानू नका. शेतकरी उत्पादक कंपनीचा हिशेब सांभाळला, जिनिंगमध्ये खरेदीच्या नोंदी केल्या, वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या पॅकिंगवर काम केलं, हे सगळं चालतं. अट एकच, नेमणुकीचं पत्र आणि पगार खात्यात आल्याचा पुरावा हवा. रोखीत घेतलेला पगार परदेशी अर्जात मोजला जात नाही. वर्ष-दोन वर्षं असं काम करून मग अर्ज करणं अनेकांना फायद्याचं ठरेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

५. देश निवडताना शिक्षणानंतर किती थांबता येतं ते पाहा

कर्ज फेडायचं असल्यामुळे हा मुद्दा फीइतकाच महत्त्वाचा.

ब्रिटनमध्ये मास्टर्स एका वर्षाची. शिक्षणानंतर कामासाठी दोन वर्षं मिळत होती, ती १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने होणार आहेत. आयर्लंडमध्ये मास्टर्सनंतर २४ महिने. जर्मनीत पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने. तिथल्या बऱ्याच सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. होहेनहाइम याच राज्यात येतं. जर्मनीसाठी एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं, त्याची फी १८,००० रुपये. आणि स्थानिक नोकरीसाठी जर्मन भाषा लागतेच, कोर्स इंग्रजीत असला तरी.

अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने काम करता येतं. कोर्स स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) गटात असेल तर आणखी २४ महिने. साधी एमबीए बहुधा त्या गटात नसते, बिझनेस अॅनालिटिक्स पुष्कळदा असते. हे कोर्सच्या नावावरून ठरत नाही, त्याच्या सीआयपी कोडवरून, म्हणजे कोर्सच्या विषयाला दिलेल्या क्रमांकावरून, ठरतं. तो कोड विद्यापीठाकडून लेखी मागा.

*सावधान, कॅनडा:* तिथल्या कॉलेजातला बिझनेस डिप्लोमा अजूनही आपल्याकडे विकला जातो. १ नोव्हेंबर २०२४ पासून शिक्षणाच्या परवान्यासाठी अर्ज केलेल्यांना डिप्लोमानंतरचं वर्क परमिट ठरावीक विषयांनाच मिळतं, आणि सर्वसाधारण बिझनेस डिप्लोमा त्यांत बसत नाही. विद्यापीठाच्या बॅचलर आणि मास्टर पदवीला ही विषयाची अट नाही. एजंट हा फरक सांगेलच असं नाही. एजंटला सहसा संस्थाच कमिशन देते. 'आमची सेवा मोफत आहे' याचा अर्थ तो कमिशन देणाऱ्या संस्थाच दाखवणार, आणि जर्मनीतली बिनशुल्क सरकारी विद्यापीठं त्याच्या यादीत क्वचितच सापडतील.

६. शिष्यवृत्ती: तारीख आणि क्रमवारी

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी समाजकल्याण आयुक्तालयाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी या राज्याच्या संस्थेची योजना आहे. अनुसूचित जमाती आणि इतर मागास प्रवर्गांसाठी त्या त्या विभागाच्या आहेत. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या मुलांसाठी आहे. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. भूमिहीन मजुराच्या मुलाने ही योजना आवर्जून पाहावी, आपल्या भागात ती फार कमी लोकांना ठाऊक आहे.

मॅनेजमेंटच्या मुलांची इथे एक वेगळी अडचण होते. या योजनांत क्यूएस या संस्थेची विद्यापीठांची एकूण जागतिक क्रमवारी धरतात. लंडन बिझनेस स्कूल किंवा इन्सियाडसारख्या नामांकित संस्था त्या यादीत नाहीत, कारण एकाच विद्याशाखेच्या संस्था तिथे घेतल्या जात नाहीत. बिझनेस स्कूलच्या वेगळ्या क्रमवारीत पहिल्या दहात असूनही अर्ज बाद होऊ शकतो. शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर अनेक विद्याशाखा असलेल्या मोठ्या विद्यापीठाची बिझनेस स्कूल निवडा.

दुसरं, ऑफर बिनशर्त लागते. 'अंतिम वर्षाचा निकाल आल्यावर' किंवा 'आयईएलटीएस दिल्यावर' अशी शर्त असलेलं पत्र चालत नाही. निकाल जूनमध्ये लागणार आणि शिष्यवृत्तीची मुदत त्याच सुमारास संपणार, हे दर वर्षी घडतं. निदान इंग्रजीच्या परीक्षेची शर्त तरी डिसेंबरच्या आत उडवून टाका.

*तपासा:* जात प्रमाणपत्र, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर, अधिवास, तहसीलदारांचा चालू वर्षाचा उत्पन्न दाखला. वैधता नसेल तर आजच अर्ज करा.

७. परीक्षा

आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, जीमॅट आणि जीआरई या प्रवेशासाठीच्या क्षमता चाचण्यांचा पाच वर्षं. म्हणून जीमॅट आधी, इंग्रजी नंतर. सध्याची जीमॅट सव्वादोन तासांची आहे, गुण २०५ ते ८०५. जुन्या ८०० गुणांच्या तक्त्याशी तुलना करू नका. ब्रिटन-आयर्लंडच्या बऱ्याच एम.एस्सी.ला जीमॅट लागतच नाही, त्यामुळे यादी पक्की झाल्यावरच फी भरा. घरून ऑनलाइन परीक्षा देता येते, पण गावात दिवसा वीज जाते आणि नेट तुटतं. केंद्रावरच जा.

८. उद्देशपत्र आणि शिफारसपत्र

उद्देशपत्र, म्हणजे हा कोर्स का करायचा ते सांगणारं पत्र, नेटवरून उचललेलं किंवा एजंटने लिहिलेलं नको. 'मला लहानपणापासून व्यवसायाची आवड आहे' हे वाक्य हजारो अर्जांत असतं. त्याऐवजी तुम्ही पाहिलेला एक व्यवहार लिहा: 'गावातल्या तीस शेतकऱ्यांचं सोयाबीन एकत्र करून आम्ही थेट प्रक्रिया कारखान्याला दिलं. ओलावा जास्त निघाल्यामुळे भाव कापला गेला. वाळवणीची सोय केली तर तिचा खर्च किती हंगामांत निघेल, हे मला मांडता आलं नाही. म्हणून मला ऑपरेशन्स शिकायचं आहे.' यात कोर्सची गरज आपोआप दिसते. आकडे खरे ठेवा, मुलाखतीत विचारतात.

शिफारसपत्रासाठी विद्यापीठं प्राध्यापकांना थेट मेल पाठवतात आणि कॉलेजच्या डोमेनचा पत्ता मागतात. ग्रामीण कॉलेजांत बरेच सर-मॅडम साधा जीमेल वापरतात. प्राचार्यांना भेटून संस्थेचा मेल सुरू करून घ्या. तो मेल उघडायला कधी कधी तुम्हालाच सरांच्या शेजारी बसावं लागेल, पण मजकूर त्यांचाच हवा.

९. डिपॉझिट भरण्याआधी थांबा

ऑफर आली की पहिल्यांदा परताव्याचे नियम वाचा. व्हिसा नाकारला तर किती परत, कर्ज नाकारलं तर किती परत? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी शून्य असतं. म्हणून बँकेचं मंजुरीपत्र आल्याशिवाय डिपॉझिट नको. मुदत वाढवून मागता येते, नम्र मेल केला तर बरीच विद्यापीठं आठवडा-दोन आठवडे देतात. पैसे विद्यापीठाच्या खात्यातच जाऊ द्या, एजंटच्या खात्यात कधीही नाही.

बँकेच्या कर्जातून थेट फी पाठवली तर त्यावर टीसीएस (पैसे पाठवतानाच घेतला जाणारा कर) कापला जात नाही. स्वतःचे पैसे पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर तो लागतो.

१०. शेतीचं उत्पन्न व्हिसासाठी कसं दाखवायचं

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून वडिलांचं विवरणपत्र नसतं. मग पुरावा कशाचा? बाजार समितीच्या आणि जिनिंगच्या पट्ट्या, भारतीय कपास निगमने खात्यात जमा केलेले पैसे, सातबारा, तहसीलदारांचा दाखला. या हंगामात तरी माल रोखीने विकू नका. कापूस नोव्हेंबरपासून, तूर जानेवारीत निघते, आणि तेव्हाच खात्यात पैसे दिसायला लागले तर उन्हाळ्यातल्या व्हिसा अर्जासाठी सहा महिन्यांची सरळ नोंद तयार होते.

ब्रिटनच्या नियमात स्वतःची किंवा पालकांची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते. मधे एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा सुरू होते. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला त्याच खात्यातून पैसे काढले आणि अर्ज नाकारला गेला, असं होतं. हे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. जर्मनीत वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, दाखवावे लागतात. ही रक्कम बदलत असते, म्हणून पैसे पाठवण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या पानावर पुन्हा पाहा.

*सावधान:* चार दिवसांसाठी पाहुण्यांकडून आठ लाख आणून खात्यात टाकणं लगेच दिसून येतं. अचानक आलेल्या मोठ्या रकमेचा उगम विचारतात. तिचा कागद नसेल तर ती रक्कम दाखवू नका.

मराठीतले दाखले प्रमाणित भाषांतरासह जोडा. सातबाऱ्याचं भाषांतर करणारा शेतीचे शब्द जाणणारा हवा, नाहीतर हेक्टर-आरचा घोळ होतो.

११. निघण्याआधीचा आठवडा

दीक्षान्त समारंभाआधीच जात असाल तर पदवी प्रमाणपत्र घेण्यासाठी घरच्या कुणाला अधिकारपत्र द्या. कर्जाच्या पुढच्या हप्त्यांसाठी बँकेला तिकडचे गुण आणि फीची मागणी पाठवावी लागते. कोणत्या तारखेला काय पाठवायचं, हे शाखेतून लिहून घ्या. तारणाच्या कामासाठी मुखत्यारपत्र लागणार असेल तर ते इथेच नोंदवा, परदेशातून ते करणं महाग पडतं.

बँकेचा ओटीपी आपल्या भारतीय सिमवर येतो. त्या सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्याआधी सुरू करून घ्या, आणि रिचार्ज संपण्याची तारीख घरात एकाला तरी सांगून ठेवा.